मेडिकलच्या काउंटरवर ट्रेनिंगला उभं राहायच्या आधी हे शब्द नीट समजून घ्या

डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, त्याची दोन वर्षं झाली की ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं, कमीत कमी तीन महिने, कुणी हॉस्पिटलच्या फार्मसीत करतं आणि बरेच जण ओळखीच्या मेडिकलमध्ये. पेपरात चांगले मार्क पडलेली पोरंसुद्धा पहिल्या दिवशी चिठ्ठी हातात आली की गप्प होतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण पुस्तकात शब्द सुटे सुटे येतात आणि काउंटरवर सगळे एकदम अंगावर येतात, डॉक्टरांची भाषा, कंपनीची भाषा, स्टॉकिस्टची भाषा, कायद्याची भाषा, आणि वर समोरच्या आजींची ‘ती पिवळी गोळी दे ना बाळा, नेहमीची’ ही भाषा.

आमच्याकडे जे ट्रेनिंगला येतात त्यांना मी अ ते ज्ञ यादी पाठ करायला देत नाही. कुठल्या शब्दापाशी हात चुकतो ते आधी शिकायचं, बाकीचे शब्द रोजच्या कामात आपोआप बसतात. ह्या पोस्टमध्ये पण तसंच केलंय, जिथे धोका जास्त तिथे जास्त लिहिलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ट्रेनी म्हणजे रजिस्टर्ड फार्मासिस्ट नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, तुम्ही दिलं तर ते त्याच्या देखरेखीखालीच. म्हणून शंका आली की ‘सर, एकदा बघता का’ म्हणायला अजिबात लाजायचं नाही, समोर कितीही गर्दी असू दे.

चिठ्ठी वाचताना

वर आरएक्स असतं, ते लॅटिनमधल्या ‘रेसिपी’चं, म्हणजे ‘हे घे’. गोळीच्या नावावर उडी मारायच्या आधी पेशंटचं नाव, वय, तारीख आणि डॉक्टरांची सही व रजिस्ट्रेशन नंबर बघायचा. वय आधी का, तर वय ४ वर्षं असेल आणि तुम्हाला ५०० मिग्रॅची गोळी दिसत असेल तर एकतर वाचण्यात चूक आहे नाहीतर लिहिण्यात, आणि ते तिथल्या तिथे कळतं.

मग येतात वेळेचे शब्द. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, काही डॉक्टर टीआयडी लिहितात ते पण तीनदाच, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, बीबीएफ सकाळी नाश्त्याआधी, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. आपल्याकडे बरेच डॉक्टर सरळ १-०-१ लिहितात, सकाळ-दुपार-रात्र, ते वाचायला सोपं पण पेशंटला सांगताना आकडा नाही सांगायचा, ‘सकाळी एक, रात्री एक, जेवण झाल्यावर’ असं सांगायचं. सीएसटी दिसलं तर कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, आधीचं चालू ठेवा, म्हणजे मागची चिठ्ठी मागून घ्यायची, आठवणीने काही काढून द्यायचं नाही.

ह्यातला ओडी हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थाने येतो. गोळीपुढे असेल तर दिवसातून एकदा. डोळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. आणि ब्रँडच्या नावाला चिकटून ओडी असेल, उदाहरणार्थ ऑफ्लॉक्सासिन ओडी, तर ती दिवसातून एकदाच घ्यायची वेगळी, हळूहळू सुटणारी गोळी, तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. म्हणून डोळ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी असेल तर ड्रॉप कुठल्या डोळ्यात आणि दिवसातून किती वेळा हे दोन्ही वेगवेगळं सापडलं पाहिजे. एकच सापडलं तर विचारा.

एसओएस म्हणजे ‘गरज लागली तर’. एवढंच सांगून पिशवी हातात दिली की पेशंट घरी जाऊन दर दोन तासाला घेतो, कारण त्याला गरज वाटतेच. तापाची पॅरासिटामॉल एसओएस असेल तर दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या हे सांगायचंच आणि दिवसात जास्तीत जास्त किती हे डॉक्टरांनी लिहिलंय का ते बघायचं. त्यात सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये पण पॅरासिटामॉल असतं, ते पेशंटला माहीत नसतं, तो दोन्ही घेतो. ह्याला डुप्लिकेशन म्हणतात, तेच औषध दोन नावांनी पोटात जाणं.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात डॉक्टर आजाराचं पण काहीतरी खरडतात आणि बरीच मुलं ते सोडून देतात. सोडू नका, ते तुमच्याच उपयोगाचं असतं. डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन बीपी, आयएचडी हृदयविकार, यूआरटीआय घसा-सर्दीचं इन्फेक्शन, केसीओ म्हणजे पेशंटला आधीपासून अमुक आजार आहे, एनकेडीए म्हणजे कुठल्या औषधाची ॲलर्जी असल्याचं माहीत नाही. इंग्रजी ए-जी-ई अक्षरं दिसली की नवीन मुलं वय समजून पुढे आकडा शोधतात, ते ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस असतं, जुलाब-उलट्या. वर एचटीएन लिहिलंय आणि खाली तुम्हाला बीपीची गोळी न दिसता भलतंच काही वाचता येत असेल तर अक्षर परत बघायचं, कोपऱ्यातल्या ह्या दोन-चार अक्षरांनी खूप चुका पकडल्या जातात.

मिग्रॅ, मायक्रोग्रॅम, एमएल, युनिट

पेशंट ह्याला ‘पावर’ म्हणतात. ‘डॉक्टरांनी पावर वाढवली’ म्हणजे स्ट्रेंग्थ वाढवली. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम आणि थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये येतात, २५, ५०, ७५, ८८, १००. तिथे ‘थायरॉइडची द्या’ म्हटलं की जुनी बाटली किंवा चिठ्ठी बघितल्याशिवाय द्यायचीच नाही, कारण बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, फक्त आकडा बदलतो. दशांश चिन्हाचं पण बघा, .५ लिहिलं की टिंब पुसट असेल तर ५ वाचलं जातं, म्हणून तुम्ही पाकिटावर लिहिताना नेहमी ०.५ लिहा, आणि ५.० कधीच लिहू नका, ते ५० दिसतं.

आता लहान मुलांचं औषध. हा भाग दोनदा वाचा.

पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी दोन रूपात येतं, ड्रॉप्स आणि सिरप. बऱ्याच ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्ये १०० मिग्रॅ असतं. सिरपमध्ये ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि डीएस म्हणजे डबल स्ट्रेंग्थ असेल तर ५ एमएलमध्ये २५० मिग्रॅ. सिरप पातळ आणि ड्रॉप्स दाट असं लक्षात ठेवा. आता चिठ्ठीवर सिरप ५ एमएल आहे, सिरप संपलंय, आणि कुणी ‘तेच औषध आहे’ म्हणून ड्रॉप्सची बाटली दिली तर घरी आई त्यातून ५ एमएल पाजणार, म्हणजे ५०० मिग्रॅ, मोठ्या माणसाची अख्खी गोळी एका तान्ह्या बाळाला. उलटं झालं तर बाळाला पुरेसं औषध जात नाही आणि ताप उतरत नाही. म्हणून लेबलवर ‘पर एमएल’ आहे की ‘पर ५ एमएल’ हे बोट ठेवून वाचायचं, आणि आईला बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर किंवा मापाचं झाकण काढून दाखवायचं की ताई, ह्या रेघेपर्यंत. घरातला चमचा वापरू नका हे सांगायचं. टीएसएफ लिहिलेलं असेल तर एक टीस्पून म्हणजे ५ एमएल, टेबलस्पून १५ एमएल, आणि घरातले चमचे ह्यातल्या कुठल्याच मापाचे नसतात.

ड्राय सिरप हा पण शब्द इथेच शिकून घ्या. बाटलीत पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं, ह्याला रिकॉन्स्टिट्यूशन म्हणतात. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं असेल तर तयार केल्यावर फ्रिजमध्ये आणि ७ दिवसात संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. बाटलीवरची एक्स्पायरी पावडरची असते, पाणी घातल्यानंतर ती लागू नाही. हे सांगितलं नाही तर उरलेली अर्धी बाटली पुढच्या महिन्यात धाकट्याला पाजली जाते.

इन्सुलिनचं युनिट हे त्याहून नाजूक. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, ४० आययू (युनिट) पर एमएलच्या येतात, पेन आणि कार्ट्रिज १०० आययू पर एमएलचे. सिरिंज पण दोन, यू-४० ची लाल टोपीची, यू-१०० ची नारंगी टोपीची. ४० च्या व्हायलला ४० चीच सिरिंज द्यायची, हे डोळे झाकून पाळायचं. हिशोब करून बघा म्हणजे कायमचं डोक्यात बसेल: यू-४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा एमएल. त्या सिरिंजने कुणी १०० वालं इन्सुलिन ओढलं तर अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट गेले, अडीच पट, पेशंटची शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, बेशुद्धी. काही जण काटकसरीसाठी पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढतात, त्यांना हे समजावून सांगा. आणि चिठ्ठीवर युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू लिहिलेलं असलं तर ते शून्यासारखं दिसतं, ४ यू चं ४० होतं. इन्सुलिनची चिठ्ठी कितीही सोपी वाटली तरी सिनियरला दाखवूनच द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे आणि तुम्ही पण तो करा.

जाता जाता कोल्ड चेन, २ ते ८ डिग्री. फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणजे फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरत नाहीत. घरी न्यायला दोन तास लागणार असतील तर आइसपॅक द्या पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका.

नावामागची शेपटी

ब्रँडच्या नावामागे जी एक-दोन अक्षरं असतात ती सजावट नसते, ते बरेचदा एक अख्खं वेगळं औषध असतं. पॅन ४० म्हणजे नुसतं पॅन्टोप्रॅझोल, पॅन-डी म्हणजे त्यात डॉम्पेरिडोन पण. टेल्मा ४० म्हणजे टेल्मिसार्टन, टेल्मा-एच मध्ये लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, टेल्मा-एएम मध्ये ॲम्लोडिपिन. मॉन्टेअर-एलसी मधलं एलसी म्हणजे लिव्होसेटिरिझिन. ऑफ्लॉक्सासिनमागे ओझेड आलं की ऑर्निडाझोल. दुखण्याच्या गोळीमागे पी असेल तर पॅरासिटामॉल, एसपी असेल तर त्यात सेरॅशिओपेप्टिडेज पण. खोकल्याच्या सिरपमागे एलएस असेल तर लिव्होसाल्ब्युटामॉल, त्याने हात थरथरतात, छातीत धडधडतं, हृदयाच्या पेशंटला ते विचारल्याशिवाय नाही. ‘टेल्मा द्या’ म्हणून कुणी मागितलं की ‘साधी, एच, की एएम’ हे विचारायचंच, आणि पेशंटला माहीत नसेल तर जुनं पाकीट मागायचं.

सगळ्यात फसवं एमआर. दुखण्याच्या गोळीवर, ॲसिक्लोफेनॅक-एमआर, एमआर म्हणजे मसल रिलॅक्संट, म्हणजे त्यात स्नायू सैल करणारं दुसरं औषध आहे. शुगरच्या ग्लिक्लाझाइडवर एमआर म्हणजे मॉडिफाइड रिलीज, औषध एकच, फक्त हळू सुटणारं. आणि दुपारी दुकानात बॅग घेऊन येतात ते कंपनीचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, ते पण एमआरच. डी चं पण तसंच, पॅनमागे डॉम्पेरिडोन, खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कॅल्शियममागे डी-थ्री म्हणजे व्हिटॅमिन. त्यामुळे शेपटीवरून अंदाज बांधायचा नाही, स्ट्रिप उलटी करून कंपोझिशन वाचायचं. दुकानात त्याला ‘कंटेंट’ किंवा ‘सॉल्ट’ म्हणतात.

आकड्यांची बेरीज पण समजून घ्या. ऑगमेंटिन ६२५ म्हणजे ॲमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५. पण ग्लायकोमेट-जीपी १ मधला १ हा ग्लिमेपिराइडचा आहे, मेटफॉर्मिन त्यात ५०० आहेच. जीपी १ आणि जीपी २ मध्ये पेशंटला फरक वाटत नाही, शुगरला मात्र पडतो.

एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, पीआर ही सगळी हळू सुटणाऱ्या गोळ्यांची नावं. ह्या गोळ्या चावायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत, कारण दिवसभराचं औषध एकदम सुटतं. आजोबांना गिळायला त्रास होतो म्हणून घरचे खलबत्त्यात कुटून पाण्यातून देतात, असं कुणी सांगितलं की लगेच कान टवकारा आणि फार्मासिस्टला सांगा, म्हणजे डॉक्टरांना विचारून दुसरा प्रकार बघता येतो. एंटेरिक कोटेड गोळी पण कुटायची नाही, तिचं कवच पोटात नाही तर आतड्यात विरघळायला बनवलेलं असतं. डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची, एमडी म्हणजे तोंडातच विरघळणारी.

सारखी नावं

ह्याला लासा म्हणतात, लुक अलाइक साउंड अलाइक, दिसायला किंवा ऐकायला सारखी. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन, लिव्होसेटिरिझिन आणि लिव्हेटिरॅसिटॅम, एक सर्दीचं आणि एक फिटचं. फोनवर ऑर्डर घेताना तर हे फारच होतं, म्हणून फोनवर नाव ऐकलं की ते परत म्हणून दाखवायचं आणि ‘कशासाठी घेता?’ असं विचारायचं, फिटसाठी म्हणाले की गोंधळ संपला. रॅकमध्ये अशी नावं शेजारी ठेवू नका, ए-बी-सी-डी ने लावताना ती नेमकी शेजारीच येतात.

ह्यातली एक जोडी मला सगळ्यात जास्त घाबरवते. फॉलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेट आहे, फॉलव्हाइट हे फॉलिक ॲसिड. दोन्हींची सुरुवात सारखी, आणि संधिवाताच्या पेशंटला दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतात. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. फॉलिक ॲसिड समजून कुणी ते रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जाऊ शकतो. ही चिठ्ठी आली की पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ आणि वार लिहायचा, ‘फक्त रविवारी’ असं, डॉक्टरांनी जो वार दिलाय तो, आणि पेशंटकडून तोंडाने वदवून घ्यायचं. ‘मावशी, ही कधी घ्यायची सांगा बरं?’ ‘रविवारी.’ ‘आणि सोमवारी?’ ‘सोमवारी ही नाही.’ इतकं झालं की मगच पिशवी द्यायची. ह्याला टीच-बॅक म्हणतात, आपण सांगितलेलं त्यांनी परत सांगणं.

कुठून घ्यायचं

रूट. पीओ तोंडाने, एसएल जिभेखाली, आयएम स्नायूत, आयव्ही शिरेत, एससी कातडीखाली, पीआर गुदद्वारातून, पीव्ही योनीमार्गातून. पीव्ही गोळ्या दिसायला साध्या गोळ्यांसारख्याच असतात आणि बायका संकोचाने काही विचारत नाहीत, घरी जाऊन गिळतात. तिथे दुकानातल्या ताईने हळू आवाजात बाजूला घेऊन सांगावं, ताई नसेल तर पाकिटावर मराठीत स्वच्छ लिहून द्यावं.

रोटाकॅपचं पण तसंच. दम्याची ही कॅप्सूल गिळायची नसते, रोटाहेलर नावाच्या यंत्रात घालून त्यातली पावडर ओढायची असते. नवीन पेशंट असेल तर यंत्र आहे का विचारा, नसेल तर कॅप्सूल एकट्या देऊ नका, आणि ओढल्यावर चूळ भरायची हे पण सांगा, स्टिरॉइड असेल तर तोंडात बुरशी धरते. रेस्प्यूल नेब्युलायझरच्या मशीनमध्ये घालायचं, पाजायचं नाही.

पेशंटची भाषा

‘रक्त पातळ करायची गोळी’ असं लोक दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, ह्यांना अँटिप्लेटलेट म्हणतात, दुसरी वॉरफरिन, ॲसिट्रॉम ही अँटिकोॲग्युलंट, ज्यांना आयएनआर ची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी, रक्ततपासणी करत राहावी लागते. ही दुसरी घेणारा माणूस कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळी मागायला आला तर द्यायची नाही, आत रक्तस्राव होऊ शकतो, ह्यालाच ड्रग इंटरॲक्शन म्हणतात. पण तो स्वतःहून सांगणार नाही, म्हणून ‘आजोबा, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न तोंडात बसवून घ्या. कॉन्ट्राइंडिकेशन म्हणजे अमुक आजारात किंवा अवस्थेत हे औषध द्यायचंच नाही. गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का, अल्सर आहे का, किडनीचं काही आहे का, हे प्रश्न त्यासाठीच.

मुलं बाहेरदेशी असलेल्या घरातून पण चिठ्ठ्या आणि डब्या येतात. अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. तिकडे काही जण क्यूडी लिहितात, रोज एकदा, ते क्यूआयडी वाचलं तर चौपट डोस जातो.

कायद्याचे शब्द

ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट १९४० आणि त्याचे १९४५ चे नियम, सगळं तिथून येतं. दुकानात भिंतीवर फॉर्म २० आणि २१ ची लायसन्स लावलेली दिसतील, ती किरकोळ विक्रीची, होलसेलची २०बी आणि २१बी.

शेड्यूल म्हणजे नियमांतली औषधांची यादी. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. एच१ हे २०१३ साली आणलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं, सुरुवातीला ४६ औषधं होती, वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, झोल्पिडेम वगैरे सवय लागणारी. स्ट्रिपवर लाल आरएक्स आणि लाल चौकटीत सूचना असते. एच१ औषध दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषधाचं नाव आणि किती दिलं हे त्याच वेळी लिहायचं, आणि ती नोंद ३ वर्षं ठेवायची. ‘रात्री लिहू’ म्हटलं की राहतं, आणि एफडीएचे ड्रग इन्स्पेक्टर आले की पहिलं हेच रजिस्टर मागू शकतात. शेड्यूल एक्स ही त्याहून कडक नियमांची यादी, तिच्यासाठी वेगळं लायसन्स, फॉर्म २०एफ, औषध कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत आणि त्यातली एक आपल्याकडे २ वर्षं. बऱ्याच दुकानांत एक्स ठेवतच नाहीत, पण शब्द माहीत हवा.

सब्स्टिट्यूट द्यायचा का हा प्रश्न रोज येतो. पेशंट म्हणतो ‘हे नाही तर त्याच कंटेंटचं दुसरं द्या’. नियम असा आहे की एच आणि एक्स च्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच्या जागी दुसरं, कंटेंट तोच असला तरी, स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. डॉक्टरांना फोन लावायचा. ओटीसी हा शब्द सगळे वापरतात, पण आपल्या कायद्यात ओटीसी औषधांची वेगळी यादी नाही, त्यामुळे ‘हे ओटीसी आहे’ म्हणून निवांत राहू नका, स्ट्रिपवर काय छापलंय ते बघा.

दुकानदारीचे शब्द

हे पटकन सांगतो, आठवड्यात येतात. एमआरपी माहीतच आहे, पीटीआर म्हणजे रिटेलरला पडलेला भाव, पीटीएस स्टॉकिस्टचा. स्कीम म्हणजे १० वर १ फुकट वगैरे. काही औषधांच्या किमतीवर २०१३ च्या डीपीसीओ खाली सरकारने कमाल मर्यादा घातलेली असते, ते काम एनपीपीए ही सरकारी संस्था बघते. शॉर्ट म्हणजे संपलेला माल, तो लगेच शॉर्टच्या वहीत लिहायचा. फेफो म्हणजे ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढे ठेवायचं, आधी आलेलं आधी हा नियम औषधांना पुरत नाही. एक्स्पायरीत नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, पण महिन्याभराचा कोर्स असेल तर शेवटची गोळी कधी घेणार ते मोजून द्या. एक्स्पायर झालेलं वेगळ्या खोक्यात, वर ठळक लिहून, विक्रीच्या रॅकच्या जवळपास नाही.

स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेलं टोक शेवटपर्यंत राहील असं दुसऱ्या बाजूने कापा, आणि सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव, बॅच आणि तारीख लिहा. बॅच नंबर म्हणजे एकाच वेळी बनलेला घाणा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावली, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तेव्हा परत मागवला गेलेला माल बॅच नंबरवरूनच शोधला गेला. ह्याला रिकॉल म्हणतात. बिलात बॅच नीट टाकलेला असेल तर ती बाटली कुणाच्या घरी गेली हे पाच मिनिटांत सापडतं आणि फोन करता येतो, टाकलेला नसेल तर नाही सापडत. एनएसक्यू हा शब्द पण दिसेल, म्हणजे तपासणीत दर्जाला न उतरलेलं, त्याची यादी सीडीएससीओ, म्हणजे केंद्राचं औषध नियंत्रण खातं, काढतं, आणि स्प्युरियस म्हणजे सरळ बनावट. २०२३ च्या १ ऑगस्टनंतर बनलेल्या ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करायला शिका.

त्रास झाला तर

साइड इफेक्ट सगळ्यांना माहीत असतो, कागदोपत्री शब्द एडीआर, ॲडव्हर्स ड्रग रिॲक्शन. पेशंट परत येऊन म्हणतो ‘तुमच्या गोळीने अंगावर पुरळ आलं’, तर वाद घालायचा नाही आणि ‘काही होत नाही, घ्या’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. तोंड, ओठ सुजलेत, श्वास लागतोय असं असेल तर थेट हॉस्पिटलला पाठवा, तो ॲनाफिलॅक्सिस असू शकतो, तिथे मिनिटं मोजायची असतात. बाकी वेळी औषधाचं नाव, बॅच, कधी सुरू केलं, काय झालं, सोबत अजून काय घेत होते हे लिहून घ्या, डॉक्टरांना कळवा, आणि औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामला रिपोर्ट करा, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, फुकट आहे, फार्मासिस्टही कळवू शकतो आणि पेशंट स्वतः पण. औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसते, शंका असली तरी कळवायचं. आणि ज्या औषधाची रिॲक्शन आली त्याचं नाव, ब्रँडचं नाही तर कंटेंटचं, पेशंटला मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्या आणि म्हणा की कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की हे आधी दाखवा.